मागच्या बाजूची पेन्सिल

“मागे कुणीतरी पेन्सिलीनं खरडलंय, म्हणून १५ डॉलर कमी करून देतो,” असं म्हणत दुकानदारानं तो कागद माझ्यासमोर ठेवला. नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीचा सी स्ट्रीट. बाहेर लाकडी फळ्यांच्या फुटपाथवरून माणसं चालली की आत काउंटरवरची काच थरथरायची. डोंगरावरून उतरणारा वारा (तिथले लोक त्याला वॉशू झेफिर म्हणतात) दार उघडलं की धुळीचा एक लोट घेऊन आत यायचा आणि दुकानदार न बघताच कागदांवर हात ठेवायचा. कागद होता बुलियन मायनिंग कंपनीच्या २५ शेअर्सचा, १८७० सालचा. डाव्या कडेला लाल रंगाचं २५ सेंटचं मुद्रांक तिकीट, त्यावर वॉशिंग्टनचा चेहरा, चेहऱ्यावरून शाईची तिरकी रेघ. कागद उलटा केला. वर एका दलालाची लांबलचक सही आणि खाली कोपऱ्यात बोथट पेन्सिलीनं मांडलेली बेरीज. आकडे एकाखाली एक, मध्ये रेघ, रेघेखाली उत्तर. बस. त्या बेरजेमुळे कागदाची किंमत उतरली होती. मी पैसे दिले, बाहेर आले, गाडीत बसले आणि घाट उतरून सपाटीला लागेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. अख्ख्या कागदावर जिवंत माणसाच्या हाताचं म्हणावं असं एवढंच होतं, आणि नेमका त्याच्यामुळे तो स्वस्त झाला होता.

चांदीच्या खाणींची जुनी शेअर सर्टिफिकेटं मी गेली अकरा वर्षं जमवते आहे. या छंदाला स्क्रिपोफिली असं एक नाव आहे. मला ते कधीच आवडलं नाही, रोगाचं वाटतं. फ्रीमाँटच्या आमच्या घरात एका कपाटाचे दोन खण या कागदांनी भरलेत. प्रत्येक कागद वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, कारण जुन्या शाईला आपल्या बोटांचा घाम सोसत नाही. यातल्या कुठल्याच कंपनीचा शेअर आज चालत नाही. खाणी पाण्यानं भरल्या, कंपन्या बुडाल्या, कचेऱ्यांच्या इमारतीही गेल्या. राहिला तो कागद. आणि तो कागद काय देखणा असतो! वर खाणीचं, डोंगराचं किंवा शिशाच्या ठोकळ्यावर तासन्‌तास कोरल्यासारखं गिरणीचं चित्र. कंपनीचं नाव एखाद्या देवळाच्या कमानीसारखं वळवलेलं. डावी कड नागमोडी कापलेली, म्हणजे वहीत राहिलेल्या स्थळप्रतीशी ती जुळवून बघता यावी. पुष्कळ कागदांच्या मागे खळीचे पिवळे डाग दिसतात. शेअर विकला की जुनं सर्टिफिकेट कचेरीत परत यायचं, त्यावर रद्दचा छेद मारायचे आणि त्याच स्थळप्रतीला पुन्हा चिकटवून टाकायचे. जिथून फाटलं तिथेच परत. माझ्या बुलियनच्या कागदाला छेद नाही, शिक्का नाही, खळ नाही.

म्हणजे तो कधी परत गेलाच नाही.

हे कळायला मला बराच वेळ लागला. कॉमस्टॉकच्या, म्हणजे व्हर्जिनिया सिटीखालून जाणाऱ्या चांदीच्या शिरेवरच्या, कंपन्यांमध्ये एक पद्धत होती. सर्टिफिकेट खऱ्या मालकाच्या नावावर निघायचंच असं नाही. दलालाच्या नावावर निघायचं, नावापुढे ‘ट्रस्टी’ असा शब्द जोडायचा, दलाल मागे सही करून ठेवायचा, आणि मग तो कागद नोटेसारखा या हातातून त्या हातात फिरायचा. ज्याच्या खिशात, तो मालक. त्यामुळे खऱ्या मालकाचं नाव कुठेच सापडत नाही. दुसरी पद्धत त्याहून क्रूर. खाण खोदायला पैसे कमी पडले की कंपनी भागधारकांकडूनच मागायची. शेअरमागे १ डॉलर, दीड, अडीच. याला असेसमेंट म्हणत. भरलं नाही तर शेअर लिलावात जायचा आणि हातातला कागद नुसता कागद उरायचा, कंपनीला तो परत मागायचीही गरज नसायची. बुलियन खाणीच्या उत्तरेला चोलार-पोटोसी, दक्षिणेला गोल्ड हिलच्या एकाहून एक श्रीमंत खाणी. मध्ये हिची जागा. दोन्ही शेजाऱ्यांच्या घरी दिवाळी, म्हणजे आपल्याकडेही येणारच, असं कुणालाही वाटेल. या खाणीनं भागधारकांना कधीही लाभांश दिला नाही. मागत मात्र राहिली, वर्षामागून वर्षं, खोल आणि आणखी खोल.

माझ्या कागदामागची बेरीज त्या मागण्यांची आहे, एवढं मी पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. पाच आकडे: ३७.५०, २५, ६२.५०, ५०, ३७.५०. पंचवीस शेअर्सनं भागून बघितलं की दीड, एक, अडीच, दोन, दीड. स्वच्छ भाग जातो. खाली उत्तर लिहिलंय २०२.५०. आणि ते जुळत नाही. दहा डॉलर कमी आहेत. मी भिंग लावून बघितलं. ६२ मधला सहा म्हणजे पाच असेल का? मग बेरीज बरोबर येते, पण शेअरमागे दोन डॉलर दहा सेंट अशी मागणी कुणी करत नसे. मग मी तर्क लढवत बसले. कधी दलालानं दहा डॉलर सोडले असतील, कधी कुणाकडून उसने घेतले असतील म्हणून वजा केले असतील. त्या काळात कॉमस्टॉकच्या खाणीत उतरणाऱ्या मजुराला दिवसाला ४ डॉलर मिळत, म्हणजे हे अडीच दिवसांचे पैसे. कुणाच्या तरी अडीच दिवसांचा हिशेब लागत नाही, हे मला चार वर्षं सुटलं नाही. रात्री भांडी आवरून झाली की मी कधी कधी तो खण उघडायचे आणि पुन्हा तीच पाच ओळींची बेरीज करायचे.

बाबांची आठवण यायची ती तिथूनच. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते, सांगलीला. नव्वदच्या दशकात सगळ्या महाराष्ट्राला शेअरचं वेड लागलं त्यात आमचं घरही आलं. बसस्टँडसमोर एका टपरीवर कंपन्यांचे अर्ज गठ्ठ्यानं मिळायचे, फुकट. बाबा ते घरी आणून रविवारी दुपारी, सतरंजीवर मांडी घालून, काळ्या शाईनं एकेका चौकटीत एकेक अक्षर असे भरायचे. अक्षर चौकटीबाहेर गेलं की त्यांना चुकचुकायला व्हायचं. मग कधी अर्जाचे पैसे परत, कधी शेअर लागला म्हणून आईच्या हातावर पेढा. एका कंपनीचे शेअर त्यांनी अर्धे पैसे भरून घेतले होते, उरलेले नंतर ‘कॉल’ आला की भरायचे. पहिला कॉल भरला. दुसरा कॉल आला तोवर कंपनीचं नाव पेपरातल्या भावाच्या रकान्यातून गायब झालं होतं. तरी बाबांनी भरला. आईनं विचारलं होतं का भरताय, तर म्हणाले, “आता सोडलं तर आधीचे गेले.” हा हिशेब त्यांनी विजेच्या बिलाच्या रिकाम्या पाकिटामागे मांडला होता. त्यांचे सगळे हिशेब पाकिटांच्या मागेच असायचे, कोरा कागद ते हिशेबाला वापरत नसत.

बाबा गेले तेव्हा मी तेरा दिवसांसाठी सांगलीला होते. शेवटच्या दोन दिवसांत कपाट आवरायला घेतलं. फायलीत चाळीस-पन्नास सर्टिफिकेटं निघाली. थोडी चालू कंपन्यांची होती, ती बाजूला काढली, डिमॅट करायला दिली. बाकीच्यांची नावं मी फोनवर शोधली, एकही सापडलं नाही. पाकिटांचा एक गठ्ठाही होता, रबरबँडनं बांधलेला, रबर वितळून कागदाला चिकटलेलं. आई दारात उभी होती. म्हणाली, “असू दे की गं, काय जागा खातंय.” मला परत जायचं होतं, बॅगा भरायच्या होत्या. सगळं रद्दीत गेलं. वर्तमानपत्रांच्या दोन गठ्ठ्यांसोबत तराजूवर चढलं आणि उतरलं. त्याचे किती पैसे आले ते मला आठवत नाही, आणि ते आठवत नाही याचंच आता वाईट वाटतं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी पहिलं सर्टिफिकेट विकत घेतलं. दुसऱ्यांच्या बुडालेल्या पैशांचे कागद, स्वतःचे पैसे मोजून. नवऱ्यानं एकदाच विचारलं, काय आहे यात? मी त्याला चित्रं दाखवली. चित्रं खरोखरच सुंदर आहेत, त्यामुळे उत्तर खोटं नव्हतं. माझ्याकडच्या एका कागदाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आहे, जी. टी. ब्राउन अँड कंपनी, सॅन फ्रान्सिस्को. हा ग्राफ्टन टायलर ब्राउन. १८४१ मध्ये पेन्सिल्व्हेनियात जन्मलेला कृष्णवर्णीय माणूस, शिळाछापाचा कारागीर, त्या काळात सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःच्या नावाचा छापखाना चालवणारा. खाण कंपन्यांची सर्टिफिकेटं त्यानं किती तरी छापली, व्हर्जिनिया सिटीचं सबंध शहर उंचावरून दिसावं तसं दगडावर काढलं. पुढे धंदा सोडून तो निसर्गचित्रं रंगवायला निघून गेला. त्याची रेघ भिंगाखाली धरून बघावी. डोंगराच्या उतारावरची छाया शेकडो समांतर रेघांनी भरलीय आणि एकही रेघ दुसरीला शिवत नाही. ज्या खाणीतून कधी काही निघालं नाही तिच्याही डोंगरावर इतकी मेहनत! त्याला ते माहीत असेल का, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि उत्तराच्या आधीच कागद पाकिटात सरकवते.

कारण भुरळ कशी पडत असेल ते मला समजतं. क्राउन पॉइंट नावाच्या खाणीचा शेअर १८७० च्या अखेरीस दोन-तीन डॉलरला कुणी घेत नव्हतं, आणि १८७२ मध्ये तोच १,८०० डॉलरवर गेला. पुढच्याच वर्षी कन्सॉलिडेटेड व्हर्जिनियात मोठं घबाड लागलं. मॅके, फेअर, फ्लड आणि ओब्रायन असे चार आयरिश नावांचे भागीदार, त्यातले दोघे तर सॅन फ्रान्सिस्कोत दारूचा गुत्ता चालवायचे, आणि चौघेही अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत जाऊन बसले. हे शेजारच्या गल्लीत घडलेलं बघितल्यावर दीड डॉलरचा हप्ता कोण चुकवेल? सॅन फ्रान्सिस्कोत स्वयंपाकी, शिंपी, मोलकरणी, सगळ्यांकडे खाणींचे कागद होते. पाइन स्ट्रीटच्या आसपास एका गल्लीला ‘पॉपर अ‍ॅली’, म्हणजे कंगालांची गल्ली, असं नावच पडलं होतं. सगळं घालवून बसलेली माणसं तिथे घुटमळत राहायची. बायकाही असत, त्यांना लोक ‘मड हेन’ म्हणत, चिखलातल्या पाणकोंबड्या. माझ्या बेरजेचा मालक पुरुष होता असं मी धरून चालले होते. ही पाणकोंबडी वाचल्यापासून तसं धरवत नाही.

एक सर्टिफिकेट मात्र मी घेतलं नाही. यलो जॅकेट खाणीचं. ७ एप्रिल १८६९ ला त्या खाणीत आग लागली, धूर शेजारच्या केंटक आणि क्राउन पॉइंटमध्ये शिरला, निदान ३५ मजूर आत गुदमरून, होरपळून गेले. समोर आलेला कागद आगीनंतरच्याच महिन्यातला होता. सही तीच, ठसठशीत, शिक्का नीट मारलेला. खाली आग धुमसत असताना वर कुणीतरी शांतपणे तारीख घालून शेअर हस्तांतरित केले होते. मी तो दिव्याखाली धरला आणि परत ठेवला. दुकानदाराला वाटलं भाव पटला नाही, त्यानं कमी केला. मला सांगता आलं नाही.

आणि चांदी? ती कुठे गेली, हा प्रश्न मला कागदांनीच विचारायला लावला. लेडव्हिलचे दोन कागद माझ्याकडे आहेत, कोलोरॅडोतले. लेडव्हिलचा होरेस टेबर हा दुकानदार माणूस. १८७८ मध्ये त्यानं दोन खाणकामगारांना दुकानातलं सामान उधार दिलं, त्या बदल्यात जे सापडेल त्याचा तिसरा हिस्सा, आणि त्यातून तो कोट्यधीश झाला. १८९३ मध्ये धुळीला मिळाला. कशानं? कारणं बरीच होती, पण त्यातलं एक थेट आपल्याकडचं आहे. २६ जून १८९३ ला हिंदुस्थान सरकारनं टांकसाळी बंद केल्या, म्हणजे कुणीही चांदी आणावी आणि रुपये पाडून न्यावेत ही मुभा काढून घेतली. मुंबईच्या फोर्टातल्या टांकसाळीचं दार मिटलं आणि बातमी तारेनं पोचताच चांदीचा भाव कोसळला. कोलोरॅडोतल्या खाणी त्याच उन्हाळ्यात बंद पडल्या. टेबरच्या बायकोचं, बेबी डोचं, प्रेत १९३५ च्या मार्चमध्ये मॅचलेस खाणीशेजारच्या झोपडीत गोठलेलं सापडलं. मुंबईत नोकरी करत असताना मी त्या टांकसाळीवरून रोज चालत जायचे. ते खांब, तो बंद फाटकापुढचा पहारेकरी. इतक्या लांब कुणाचं घर त्या फाटकाशी बांधलेलं होतं, हे तेव्हा सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं.

पंचवीस वर्षांनी उलटं झालं. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचा रुपया मिळेना. नोव्हेंबर १९१७ मध्ये सरकारनं एक रुपयाची कागदी नोट काढली. लोकांचा कागदावर विश्वास बसेना, नोटा देऊन रुपये मागायला झुंबड उडाली. तेव्हा अमेरिकेनं आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवायचं ठरवलं. कायदा आणला तो नेवाडाच्याच सिनेटर पिटमननं, १९१८ च्या एप्रिलमध्ये. २७ कोटींहून जास्त नाणी वितळवली आणि त्यातली जवळपास २६ कोटी नाण्यांची चांदी इंग्लंडला विकली, हिंदुस्थानसाठी. हे डॉलर बहुतेक १८७८ नंतर पाडलेले, पश्चिमेकडच्या खाणींतल्या चांदीचे. त्यातले काही व्हर्जिनिया सिटीच्या पायथ्याशी असलेल्या कार्सन सिटीच्या टांकसाळीतले. कागदावर विश्वास न ठेवणाऱ्या आमच्या आजी-पणज्यांच्या हातात ही चांदी राजाछाप रुपया होऊन आली.

आमच्या घरी तसा एक रुपया आहे. आजीच्या पुरचुंडीत होता, १९१८ चा. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुकुटातला चेहरा, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टी, आणि खालच्या कमळाखाली टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. तो ठिपका म्हणजे मुंबईची टांकसाळ. आजी दर लक्ष्मीपूजनाला तो चिंचेनं घासायची, दुधात बुडवायची, ताम्हनात ठेवायची. गरम पाण्यानं भरलेल्या बोगद्यात, बर्फाच्या तुकड्यांनी कपाळ चोळत काम करणाऱ्या माणसांनी फोडलेला दगड त्यात आहे, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. पण मी तो अंगठ्यानं पुसते तेव्हा मला तसंच वाटतं.

यंदा दिवाळीला आई इथे होती. रुपया तिनेच बरोबर आणला, बटव्यात, ब्लाउजच्या आत, सबंध विमानप्रवासभर. लक्ष्मीपूजनाची तयारी करताना तिनं पाटाशेजारी जागा केली आणि म्हणाली, “तुझे ते कागद आण. चोपडी पूजतात ना, मग तेही ठेव एखादं.” मी इतकी वर्षं तिला ते नीट दाखवलेच नव्हते. रद्दीत घातलेल्या फायलींबद्दल ती कधी एका शब्दानं बोलली नाही, आणि म्हणूनच मला हे खण तिच्यासमोर उघडायला जड जायचं. मी बुलियनचा कागद आणला. तिनं चष्मा लावला, चित्र बघितलं, तिकिटावर बोट ठेवून “हा कोण?” विचारलं आणि मग पाकीट उलटं केलं. ३१ वर्षं तिसरी-चौथीच्या पोरांच्या वह्या तपासलेली बाई. तिचं बोट पाकिटावरून आकड्यांवर खाली सरकलं, रेघेशी थांबलं, पुन्हा वर गेलं.

“हातचा चुकलाय गं.”

मी म्हटलं, “कुठाय हातचा?” तिनं नखानं दाखवलं. दशकाच्या रकान्याच्या वर एक बारीक उभी रेघ होती. चार वर्षं मी तिला कागदाचा डाग समजत होते. “एकम्‌ची बेरीज बावीस आली. दोन लिहिले, हातचे दोन. यानं एकच घेतला. घाईत केलंय, नाहीतर काळजीत. वर्गात सुद्धा जे पोर घरून काही ऐकून यायचं ना, ते नेमकं हातच्याला चुकायचं.” ती थांबली. समई लावायची होती, वेळ टळत होती, तरी तिनं इकडेतिकडे बघितलं आणि टेबलावरचं विजेच्या बिलाचं पाकीट ओढून उलटं केलं. माझ्याकडून पेन्सिल घेतली. पाचही आकडे एकाखाली एक, सरळ रेषेत, वर हातचे बारीक अक्षरात, आणि रेघेखाली उत्तर. “दोनशे साडेबारा होतात,” ती म्हणाली. “दहा जास्तच गेले होते बिचाऱ्याचे. त्याला ठाऊकच नसणार.”

पूजा झाली. रुपया ताम्हनात, शेजारी बुलियनचा कागद, त्याच्या प्लॅस्टिकवर हळदीकुंकवाचं एक बोट. रात्री सगळं आवरताना मी कागद परत खणात ठेवला, आणि त्याच्या मागे, त्याच पाकिटात, आईचं ते विजेच्या बिलाचं पाकीट सरकवलं. नवं पाकीट जरा मोठं होतं. कडा दुमडल्या नाहीत. वरून अर्धा इंच बाहेर राहिलंय.